गिरजाबाईंची किडनी

“क्रिएटिनिन दोन पॉइंट आठ आहे, मॅडम. दोनदा लावून पाहिलं.”

लॅबमधून फोन आला तेव्हा मी ओपीडीत होते आणि पेशंट माझ्या समोरच्या स्टुलावरच बसलेली होती. मी फोन कानाशी घट्ट धरला, पण खोली लहान होती. वैशालीला आकडा ऐकू गेला. तिने एकदम माझ्याकडे पाहिलं आणि मग मागे उभ्या असलेल्या सासूकडे. आकड्यांचा अर्थ तिला कळत होता. ट्रान्सप्लांट झालेल्या प्रत्येक पेशंटला तो कळतो.

क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला एक कचरा. किडनी तो लघवीतून बाहेर टाकते. रक्तात त्याचा आकडा वाढला, की किडनी मागे पडायला लागली असं समजायचं. सहा आठवड्यांपूर्वी वैशालीचा आकडा होता एक पॉइंट एक.

मी किडनीची डॉक्टर आहे. वर्ध्याच्या एका हॉस्पिटलात गेली अकरा वर्षं काम करते. ट्रान्सप्लांट आमच्याकडे होत नाहीत, ते नागपूरला होतात. पण ऑपरेशननंतर गोळ्या आणि तपासण्या आयुष्यभर चालतात. त्यासाठी जिल्ह्यातले पेशंट आमच्याकडे येतात. वैशाली आष्टीची. वय छत्तीस, दोन मुलं. नवरा प्रमोद, त्याचं हार्डवेअरचं दुकान. दीड वर्ष तिने डायलिसिसवर काढलं होतं. किडनी कोण देणार? आईला डायबेटीस, भावाला किडनी स्टोन, नवऱ्याचा रक्तगट जुळेना. तेव्हा सासू म्हणाली, “माही पाहा.” सासू म्हणजे गिरजाबाई. जुळली.

सून ही कायद्याने सासूची जवळची नातेवाईक नसते. त्यामुळे प्रकरण सरकारी कमिटीपुढे गेलं. कोणी दबाव टाकलाय का, असं कमिटीने गिरजाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “माह्यावर दबाव टाकनारा अजून जन्माले याचा हाय.” हा किस्सा प्रमोदने मला इतक्यांदा सांगितलाय, की मी स्वतः तिथे होते असं मला वाटतं.

त्या किडनीला चौदा महिने झाले होते. आणि आता ती बिघडत होती.

“अॅडमिट व्हावं लागेल,” मी म्हटलं.

“गोळ्या चुकवल्या असन हिनं,” गिरजाबाई म्हणाल्या. “लग्नात चुकवल्या होत्या ना तवा! आता बी तेच. मी का दिवसभर हिच्या मांगं मांगं फिरू?”

“नाई वं आई,” वैशालीचा आवाज बसला होता. “मॅडम, म्या एकबी गोळी नाई चुकवली. पोराइची शपथ.”

खरं सांगायचं तर माझाही विश्वास बसला नाही. सहा महिन्यांपूर्वी भाच्याच्या लग्नात ती दोन दिवस गोळ्या विसरली होती. मी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून ठेवलं होतं, ‘पूअर कम्प्लायन्स’. गोळ्या नीट न घेणारी पेशंट. असा शेरा एकदा पडला, की फाइल उघडणाऱ्याला आधी तो दिसतो आणि मग पेशंट.

इथे गोळ्यांबद्दल थोडं सांगायला हवं. दुसऱ्याची किडनी शरीराला परकी वाटते. शरीर तिच्यावर हल्ला करतं. याला रिजेक्शन म्हणतात. ते होऊ नये म्हणून पेशंट रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला टॅक्रोलिमस नावाचं औषध घेतो. शरीराची हल्ला करण्याची ताकद ते कमी करतं. अडचण अशी, की हेच औषध रक्तात जास्त झालं तर किडनीकडे रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या आवळून धरतं. म्हणजे किडनी वाचवायला दिलेलं औषध किडनीलाच मारतं.

कमी पडलं तरी क्रिएटिनिन वाढतं. जास्त झालं तरी क्रिएटिनिन वाढतं. आणि दोन्हींचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध. रिजेक्शन असेल तर औषध वाढवायचं, वर स्टिरॉइडचे मोठे डोस द्यायचे. औषध जास्त झालं असेल तर ते थांबवायचं. उलट केलं, तर किडनी आपल्या हाताने घालवायची.

यावर उपाय म्हणून रक्तातल्या टॅक्रोलिमसची पातळी मोजतात. तिला आम्ही नुसतं ‘लेव्हल’ म्हणतो. पण ती आधीच्या गोळीनंतर बारा तासांनी आणि पुढची गोळी घ्यायच्या आधी मोजावी लागते. वैशालीने सकाळी आठची गोळी एसटीत बसल्या बसल्या घेतली होती. त्यामुळे तेव्हाच्या रक्ताचा उपयोग नव्हता. शिवाय ही टेस्ट आमच्याकडे होत नव्हती. सॅम्पल कुरियरने नागपूरला जायचं. त्या दिवशी शुक्रवार होता. रिपोर्ट सोमवारी.

दुपारी एकला आमचे विभागप्रमुख पिंपळकर सर राउंडला आले. त्यांनी फाइल उघडली. लाल शेरा वाचला.

“बीपी?”

“एकशे साठ-शंभर. लघवी कमी झालीय. ताप नाही. सोनोग्राफीत किडनीला सूज वाटत नाही, अडथळाही नाही.”

“आधी गोळ्या चुकवल्यात, क्रिएटिनिन अडीच पट. रिजेक्शन धरून चालायचं, अनुजा. सोलुमेड्रॉल सुरू कर. तीन दिवस. टॅक्रोलिमसपण संध्याकाळपासून वाढव. उद्या दुपारी बायोप्सी.”

सोलुमेड्रॉल म्हणजे शिरेतून द्यायचं स्टिरॉइड. बायोप्सी म्हणजे सुईने किडनीचा बारीकसा तुकडा काढून तपासायचा. त्यात रक्तस्रावाचा धोका असतो.

“सर, लेव्हल बघून ठरवूया का?”

“लेव्हल सोमवारी येणार. तोपर्यंत किडनी थांबणार आहे का?”

सर चुकीचं काही बोलत नव्हते. मी त्यांच्या जागी असते तर हेच सांगितलं असतं. मी ऑर्डर लिहिली. सोलुमेड्रॉल, चार वाजता. टॅक्रोलिमसचा वाढवलेला डोस, संध्याकाळी आठ वाजता. खाली सही केली. सही माझीच आहे, अजून त्या फाइलमध्ये आहे.

अडीचला पोटॅशियमचा रिपोर्ट आला. सहा पॉइंट चार. किडनी मागे पडली, की रक्तात पोटॅशियम साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. क्वचित थांबूही शकतात. मी धावत वॉर्डात गेले. वॉर्डाच्या इनचार्ज उमाटे सिस्टर ईसीजी काढत होत्या.

“मॅडम, तिसऱ्यांदा काढून राह्यली मी,” त्या वैतागून म्हणाल्या. “ही बाई हात ठेवतच नाही स्थिर. पाहा ना, रेघ कशी आली.”

मी कागद हातात घेतला. पोटॅशियममुळे ठोक्यांची टोकं उंच झालेली दिसत होती. त्यावर आधी उपाय करायचा होता. कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, मग इन्सुलिन आणि ग्लुकोज. वीसेक मिनिटं त्यात गेली. ठोके पूर्ववत झाले. मग मी कागद पुन्हा पाहिला. ठोक्यांच्या मधली जी रेघ सपाट असायला हवी, ती करवतीसारखी दातेरी होती. पेशंट थंडीने कुडकुडत असला की अशी येते. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं आणि वॉर्डातला कूलर गरम हवा फेकत होता.

“वैशाली, हात पुढे कर. दोन्ही. बोटं फाकव.”

तिने केले. मी तोच ईसीजीचा कागद तिच्या बोटांवर ठेवला. कागद फडफडला.

“हे कधीपासून?”

“आठ-दहा दिस झाले. चहाचा कप धरला का हालते. मले वाटलं अशक्तपनानं होऊन राह्यलं.”

“सकाळी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही गोळ्याइचंच इचारत होत्या ना, मॅडम.”

हात थरथरणं हे टॅक्रोलिमस जास्त झाल्याचं लक्षण आहे. कमी झाल्याचं नाही. रिजेक्शनमध्ये हात थरथरत नाहीत. भीतीने थरथरू शकतात, अशक्तपणानेही. पण दहा दिवस?

घड्याळात साडेतीन वाजले होते. सोलुमेड्रॉलची बाटली सिस्टरांच्या ट्रेमध्ये तयार होती.

मी स्टूल ओढून बसले. वैशालीची गोळ्यांची वही मागितली. आमच्या प्रत्येक ट्रान्सप्लांट पेशंटकडे अशी वही असते. सकाळ, संध्याकाळ, प्रत्येक गोळीपुढे टिकमार्क. एकही घर रिकामं नव्हतं. डोसही तोच, महिनोन्महिने तोच. मग रक्तात जास्त कसं होईल?

“दुसरं कुठलं औषध घेतलंस? डोकेदुखीची गोळी? आयुर्वेदिक काढा? कुठली पावडर?”

“नाई.”

“पपनस खाल्लंस?” पपनसाने या औषधाची लेव्हल वाढते.

“नाई मॅडम.”

प्रत्येक ‘नाई’च्या आधी ती एकदा गिरजाबाईंकडे पाहत होती. गिरजाबाई कॉटच्या पायाशी, पदराने वारा घेत बसल्या होत्या.

“आई, तुम्ही जरा बाहेर बसता का?”

“काऊन? माह्यापासून काय लपवाचं हाय? किडनी माही हाय तिच्यात.”

“किडनीचंच बघतेय, आई. पाच मिनिटं.”

त्या उठल्या, पण नाराजीने. उमाटे सिस्टरांनी कॉटभोवतीचा पडदा ओढला.

वैशाली थोडा वेळ चादरीचा काठ चुरगाळत राहिली. मग हळूच म्हणाली, “मॅडम, तुम्ही रागवान.”

“नाही रागावणार.”

“किडनीचं नाई ते. चामडीचं हाय. म्हनून वहीत नाई लिहिलं.”

तिने परकराचा नाडा सैल केला. कमरेभोवती, जिथे नाडा आवळला जातो बरोब्बर तिथे, तळहाताएवढे गोल लालसर चट्टे होते. कडा उठलेल्या. खाजवून खाजवून सोललेल्या. गजकर्ण. उन्हाळ्यात, घामाने, नाड्याच्या जागी विदर्भातल्या अर्ध्या बायकांना होतं. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जास्तच.

“यावर काय घेतलंस?”

तिने उशीखालून पर्स काढली. पर्समध्ये रुमाल, रुमालात गुंडाळलेली कॅप्सूलची पट्टी. मी ती उजेडात धरून नाव वाचलं. इट्राकोनाझोल, गजकर्णाची बुरशी मारणारं औषध.

“किती दिवस?”

“बारा-तेरा दिस. रोज दोन. बाजाराच्या दिवशी मेडिकलमधून आनल्या. मी इचारलं होतं त्याले, किडनीले चालते का म्हनून. तो म्हने, किडनीले काई होत नाई, हे लिव्हरमधून जाते.”

त्या माणसाने अर्धवट खरं सांगितलं होतं. इट्राकोनाझोल लिव्हरमधून जातं, हे बरोबर. पण टॅक्रोलिमसही तिथूनच, त्याच वाटेने शरीराबाहेर जातं. इट्राकोनाझोल ती वाट अडवून बसतं. मग टॅक्रोलिमसची रोजची तीच गोळी, तोच डोस, पण बाहेर पडायला जागा नाही. दिवसेंदिवस रक्तात साचत जातं. वैशालीने एकही गोळी चुकवली नव्हती, आणि तेच तिच्या किडनीवर उलटलं होतं.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्हीच म्हनलं होतं ना मॅडम, स्वच्छता नाई ठेवली तर इन्फेक्शन होईन, आन् इन्फेक्शन झालं तर किडनी जाईन. मले वाटलं, माहीच चूक हाय. आईले कळलं तर काय म्हनन? त्याइची किडनी घेऊन मी अशी गचाळ राह्यते?”

हे वाक्य मी खरंच म्हटलं होतं. प्रत्येक पेशंटला म्हणते. डिस्चार्जच्या दिवशी, बोट वर करून.

मी पडद्याबाहेर आले आणि आधी उमाटे सिस्टरांना सांगितलं, “सोलुमेड्रॉल नको. आठची टॅक्रोलिमस नको. आठला फक्त लेव्हलचं रक्त काढा.” मग सरांना फोन लावला.

“सर, मी स्टिरॉइड थांबवलंय.” मी थरथरत्या हातांपासून कॅप्सूलच्या पट्टीपर्यंत सगळं सांगितलं.

मग सर म्हणाले, “शक्यता चांगली आहे. पण शक्यताच आहे. तिला दोन्ही असू शकतं. औषधाची टॉक्सिसिटी आणि रिजेक्शन, दोन्ही. तू आता टॅक्रोलिमस बंद करतेयस. चुकलीस तर रिजेक्शनला मोकळं रान.”

“माहीत आहे, सर.”

“सोमवारपर्यंत मी थांबणार नाही. लेव्हल उद्या आण. कशी आणायची ते तू बघ.”

लेव्हल आणली प्रमोदने. तो दुकान बंद करून दुपारी पोचला होता आणि कॉरिडॉरमध्ये उभा होता. मी अडचण सांगितली तेव्हा त्याने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. “डब्बा द्या, मॅडम. मी जातो ना नागपूरले. कुरियरवाला का माह्याहून जास्त घाई करन?” आठ वाजता काढलेली रक्ताची ट्यूब रात्रभर फ्रीजमध्ये राहिली. शनिवारी सकाळच्या गाडीने बर्फाचा डबा मांडीवर घेऊन तो निघाला.

शनिवारी सकाळी क्रिएटिनिन आलं तीन पॉइंट तीन.

आणखी वाढलं होतं. मी रिपोर्ट हातात घेऊन वॉर्डाच्या दारात उभी राहिले. एक डोस थांबवून लगेच आकडा उतरत नाही, हे मला माहीत होतं. पाठ होतं. तरी मी आकडा पुन्हा पुन्हा वाचला. कारण रिजेक्शन असेल, तर गेले सोळा तास मी ते वाढू दिलं होतं. आणि ती किडनी बाहेर बाकावर बसलेल्या, कालपासून नीट न जेवलेल्या बाईची होती.

सरांनी आकडा पाहिला. माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत, ते जास्त जड गेलं.

“चार वाजेपर्यंत,” ते म्हणाले. “चारला रिपोर्ट नसेल तर बायोप्सी आणि सोलुमेड्रॉल, दोन्ही. बायोप्सीची खोली तयार ठेव.”

लॅबने तीनची वेळ दिली होती. अडीचला प्रमोदचा फोन आला.

“मॅडम, मशीनचं काहीतरी सुरू हाय म्हनते. कॅलि... कॅलिब्रेशन. थांबा म्हनून राह्यले.”

“किती वेळ?”

“सांगत नाई ना बरोबर. मी काचेजवळच उभा हाव. हालत नाई इथून.”

तीन वाजले. सव्वातीन. बायोप्सीच्या खोलीत ट्रॉली लागली. वैशालीला सकाळपासून उपाशी ठेवलं होतं. तिने एकदाच विचारलं, “मॅडम, सुई खूप मोठी राह्यते का?” मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, थोडी असते.

तीन चाळीसला फोन वाजला.

“मॅडम, वाचू का? टॅक्रो... टॅक्रोलिमस. बत्तीस पॉइंट सहा. बाजूले पाच ते पंधरा लिहेल हाय. हे चांगलं हाय का वाईट?”

वैशालीसाठी आम्ही आठच्या आत ठेवत होतो. बत्तीस म्हणजे चौपट. एरवी असा रिपोर्ट पाहून मी डोकं धरलं असतं.

“चांगलं आहे,” मी म्हटलं. फोनवर मला त्याच्या रडण्याचा आवाज आला आणि मी पटकन फोन ठेवला, कारण माझंही काही खरं नव्हतं.

सरांनी आकडा ऐकला. “ट्रॉली काढा,” इतकंच म्हणाले. जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाले, “काल संध्याकाळचा वाढवलेला डोस गेला असता तर?” त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. सोलुमेड्रॉल गेलं असतं तर प्रतिकारशक्ती आणखी दबून गजकर्ण कमरेवरून अंगभर पसरलं असतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनाही ते माहीत होतं.

इथे गोष्ट संपली असं घरच्यांना वाटलं. मला नाही. आता उलटी भीती सुरू झाली. इट्राकोनाझोल बंद केलं तरी ते शरीरात आठवडा-दोन आठवडे रेंगाळतं. हळूहळू निघून जातं, आणि ते जसं जातं तशी टॅक्रोलिमसची वाट मोकळी होते. आज साचलेलं औषध चार दिवसांनी झपाट्याने उतरू शकतं. तेव्हा गोळी बंदच असेल, तर शरीर त्या किडनीवर तुटून पडणार. बंद किती दिवस ठेवायची, सुरू कधी आणि किती करायची, याचा ठरलेला तक्ता नाही. एक दिवसाआड लेव्हल करायची आणि पाय चाचपत जायचं.

रविवारी क्रिएटिनिन तीन पॉइंट चार. सोमवारी तीन. लघवी वाढली. हाताची थरथर कमी झाली. सोमवारची लेव्हल सतरा. प्रमोद आता डबा घेऊन त्याच गाडीला असायचा. गाडीतल्या चहावाल्याने त्याला डब्यात काय आहे विचारलं, तर म्हणे, बायकोचं रक्त. चहावाला पुन्हा त्या डब्याकडे आला नाही.

सोमवारीच स्किनचे डॉक्टर वैशालीला बघायला आले. गिरजाबाईंना मी शनिवारी, वैशालीची परवानगी घेऊन, सगळं सांगितलं होतं. त्या तेव्हापासून गप्पच होत्या. सुनेशी बोलत होत्या, पण कामापुरतं. पाणी पी, चादर घे, एवढंच. मला वाटत होतं, आत काहीतरी साठतंय आणि ते घरी गेल्यावर वैशालीच्या अंगावर येणार.

स्किनच्या डॉक्टरांनी लावायचं मलम लिहिलं. तोंडाने घ्यायचं काहीच नाही. मग सहज विचारलं, “घरात आणखी कोणाला आहे का? हे टॉवेलवरून, कपड्यांवरून पसरतं. एकाला बरं करून उपयोग नसतो.”

वैशालीने मान हलवली. नाही.

“हाय,” गिरजाबाई म्हणाल्या.

आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहायला लागलो. त्यांनी आपल्याच कमरेवर बोट ठेवलं. “मले हाय. दिवाळीपासून. मलेच आधी झालं.”

“आई!” वैशाली उठून बसली. “मले काऊन नाई सांगतलं?”

“तू सांगतलं का मले?” गिरजाबाईंचा आवाज एकदम चढला. “मले वाटलं, माह्यापासून तुले लागलं असं कळलं, तर पोरगा म्हनन, किडनी देल्ली आन् रोग बी देल्ला. कपडे तं एकाच बादलीत भिजवते ना आपन. आन् तू तिकडं लपून क्याप्सुला गिळून राह्यली. मरून गेली असती म्हंजे?” त्या रडत होत्या आणि भांडतही होत्या. “मी नुसतं मलम लावलं. सहा महिने. खाजवू खाजवू जीव जाते.”

उमाटे सिस्टर तोंडाला रुमाल लावून खिडकीकडे वळल्या. स्किनच्या डॉक्टरांनी शांतपणे दुसरा कागद ओढला आणि विचारलं, “पूर्ण नाव सांगा, आजी.”

त्या आठवड्यात प्रमोदलाही निघालं. तिघांनाही मलम लागलं आणि बादल्या वेगळ्या झाल्या.

बुधवारी लेव्हल सात झाली. मी टॅक्रोलिमस पुन्हा सुरू केली, पूर्वीच्या डोसच्या चौथ्या हिश्श्यापासून. शुक्रवारी लेव्हल पाचच्या खाली घसरली. ती रात्र मी बोरगाव मेघेच्या घरी नीट झोपले नाही. शनिवारी डोस थोडा वाढवला, मंगळवारी आणखी थोडा. क्रिएटिनिन उतरत होतं. दोन पॉइंट चार, एक पॉइंट नऊ. एक दिवस ते पुन्हा दोनवर गेलं, आणि आम्ही बायोप्सीची खोली परत बुक केली. दुसऱ्या दिवशी एक पॉइंट आठ आलं. खोली परत सोडली. बायोप्सी शेवटपर्यंत करावी लागली नाही. अठराव्या दिवशी वैशाली घरी गेली.

जुना डोस परत बसायला महिना लागला. क्रिएटिनिन एक पॉइंट तीनवर येऊन थांबलं. आधीचं एक पॉइंट एक पुन्हा कधी आलं नाही. आकड्यात हा फरक छोटा दिसतो. पण किडनीचा जो भाग गेला तो गेला. वैशालीला मी हे स्पष्ट सांगितलं. तिने विचारलं, “मंग कितीक वर्षं चालन आता?” मी म्हटलं, सांगता येत नाही, आधीही येत नव्हतं. गिरजाबाई म्हणाल्या, “चालन. माहीच हाय ते.”

फाइलवरचा लाल शेरा मी खोडला. खोडला म्हणजे त्यावर रेघ मारून, तारीख घालून, सही केली. मेडिकल रेकॉर्ड खाडाखोड करून मिटवता येत नाही. खाली लिहिलं, ‘गोळ्या नियमित. इतर औषधांबद्दल विचारलं गेलं नव्हतं.’ हे वाक्य कर्तरी प्रयोगात लिहायला हवं होतं, पण तेवढं धैर्य झालं नाही.

आता ट्रान्सप्लांटच्या पेशंटला मी ‘दुसरं औषध घेता का’ असं विचारत नाही. पेशंट नाही म्हणतो आणि ते त्याच्या हिशोबाने खरं असतं. मी विचारते, खाज आहे का, खोकला झाला का, दात दुखला का, पाळीचा त्रास आहे का, आणि त्यावर काय केलं. नातेवाइकांना आधी बाहेर पाठवते. स्वच्छतेचं भाषण बंद केलंय. त्याऐवजी सांगते, काहीही झालं तर मला आधी सांगा, मी रागावणार नाही.

यातला शेवटचा भाग खरा नाही. राग येतोच. तो पेशंट गेल्यावर, दार लावून काढायचा असतो.